मातीशी तुटलेले नाते : अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुण आणि सामुदायिक शेती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२० साली झालेल्या शिरगणतीत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संख्या सुमारे ९,२५,००० भरली होती. त्या वेळी देशातील दर सात शेतकऱ्यांमागे एक शेतकरी या समाजाचा होता. २०१७ सालच्या कृषिगणनेत ही संख्या ४८,६९७ इतकीच आढळली. एकूण सुमारे ३४ लक्ष शेतकऱ्यांत हे प्रमाण अवघे १.४ टक्के पडते. गणनेच्या पद्धतीत मधल्या काळात फरक पडला आहे, ही गोष्ट जमेस धरली तरी एवढे खचितच म्हणता येईल की, शंभर वर्षांच्या आत एक संपूर्ण समाज जमिनीपासून तुटला.

या समाजातील तरुणांना पुन्हा शेताकडे आणण्याचे प्रयत्न तेथे चालू आहेत. त्यांतील बहुतेक प्रयत्न सामुदायिक शेतीच्या मार्गाने होत आहेत. ही शेते लहान आहेत आणि त्यांच्या उत्पन्नाने देशाच्या धान्यकोठारात फारशी भर पडत नाही. तथापि, ज्याच्या घरात शेती हा शब्द दोन पिढ्या अपमानाचा मानला गेला, असा मुलगा खुरपे हातात घेण्यास कशामुळे तयार होतो, हा प्रश्न त्या शेतांनी हाताळला आहे. गावोगाव तरुणांशी ज्यांचा संबंध येतो, त्या विस्तार कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना त्यांचा अनुभव उपयोगी पडेल, या हेतूने ही माहिती येथे दिली आहे.

जमीन मिळाली आणि गेली

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाज मुख्यतः आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचा वंशज आहे. दक्षिणेकडील राज्यांतील कापूस, भात, तंबाखू व ऊस यांचे विस्तीर्ण मळे दोन शतकांहून अधिक काळ या लोकांच्या सक्तीच्या श्रमावर चालले. यादवी युद्धाच्या अखेरीस, १६ जानेवारी १८६५ रोजी, जनरल शर्मन यांनी एक हुकूम काढून समुद्रकिनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी देण्याची व्यवस्था केली. परंतु त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी हे धोरण फिरविले आणि बहुतेक जमीन पूर्वीच्या मळेवाल्यांकडे परत गेली. मुक्त झालेल्या कुटुंबांना पोटासाठी त्याच मळ्यांवर बटाईने राबावे लागले. बियाणे, अवजारे आणि घरचे धान्य मालकाकडून किंवा सावकारी दुकानातून उधारीने घ्यायचे, सुगीनंतर हिशेब करायचा आणि हिशेबाअंती पुन्हा कर्जच उरायचे, ही रीत आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा परिस्थितीतही या लोकांनी पैसा साठवून जमिनी विकत घेतल्या. १९१० च्या सुमारास त्यांच्या मालकीची जमीन दीड कोटी एकरांच्या घरात गेली होती. पुढे ती गेली कशी, हे नीट पाहणे आवश्यक आहे.

पहिले कारण वारसाहक्काचे होते. न्यायालय व वकील यांवर विश्वास नसल्यामुळे अनेक कुटुंबप्रमुख मृत्युपत्र न करताच मरण पावत. मग जमीन सर्व वारसांच्या अविभक्त मालकीची होई. शहरात गेलेला एखादा वारस आपला हिस्सा त्रयस्थाला विकी. तो त्रयस्थ न्यायालयात वाटपाची मागणी करी, आणि एवढ्या वारसांत सरस-निरस वाटप करणे शक्य नाही म्हणून न्यायालय सगळी जमीन लिलावास काढी. ज्याच्याजवळ रोकड, तो ती स्वस्तात घेई. या अनिष्ट प्रकारास आळा घालणारा नमुना कायदा २०१० साली तयार झाला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तो स्वीकारला. तोपर्यंत पुष्कळशी जमीन हातची गेली होती.

दुसरे कारण कर्जपुरवठ्याचे. सरकारी शेती-कर्जाचे अर्ज ज्या स्थानिक समित्यांकडून पारखले जात, त्यांवर गोऱ्या शेतकऱ्यांचेच वर्चस्व असे. कृष्णवर्णीयांचे अर्ज नाकारले जात किंवा पेरणीचा हंगाम उलटून गेल्यावर मंजूर होत. वेळेवर न मिळालेले कर्ज शेतकऱ्याच्या काय उपयोगाचे? या पक्षपाताविरुद्ध शेतकऱ्यांनी १९९७ साली सरकारच्या कृषी खात्यावर दावा लावला. १९९९ साली त्यात तडजोड होऊन सुमारे एक अब्ज डॉलर भरपाई देण्यात आली.

तिसरे कारण जुलमाचे व दारिद्र्याचे. झुंडशाहीची दहशत, बोंडकिड्याने बुडालेली कापसाची पिके आणि उत्तरेकडील कारखान्यांतील रोजगार यांमुळे १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लक्ष लोक दक्षिण सोडून शहरांत गेले. जाताना जमीन सुटली आणि हळूहळू शेतीचे ज्ञानही सुटत गेले.

मनातील अढी

जमीन गेल्यावर ती परत घेता येते. मनात बसलेली अढी मात्र सहजासहजी जात नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी मालकासाठी कापूस वेचला, त्या घरांत मुलांना एकच उपदेश होत असे : शिका आणि शेतातून बाहेर पडा. हा उपदेश चुकीचा होता असे म्हणता येणार नाही, कारण त्या शेतात त्यांना मान नव्हता आणि दामही नव्हता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, मातीत काम करणे म्हणजे गुलामी, हे समीकरण नातवंडांच्या मनात पक्के बसले.

तरुणांच्या शेतकी संघटनेच्या इतिहासातही ही तूट दिसून येते. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या शाळांतून शेतकी शिक्षण घेणाऱ्या मुलांची ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही स्वतंत्र राष्ट्रीय संघटना १९३५ साली स्थापन झाली होती. तिचे ५०,००० हून अधिक सभासद होते. १९६५ साली ती गोऱ्या मुलांच्या मोठ्या संघटनेत विलीन करण्यात आली. वर्णभेद संपविण्याच्या दृष्टीने हे पाऊल योग्य होते. पण विलीनीकरणात या मुलांची स्वतःची पदे, चिन्हे व पुढारी नाहीसे झाले आणि पुढील काळात त्यांची सभासदसंख्या झपाट्याने घटली. एखादी संस्था आपली आहे असे तरुणाला वाटले नाही, तर तिचे दार उघडे असूनही तो आत येत नाही, हे यावरून ध्यानात येते.

बियाण्याबरोबर आलेले ज्ञान

ही अढी दूर करण्यासाठी सामुदायिक शेतांनी जो उपाय योजला, तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गुलाम म्हणून नेलेले आफ्रिकी लोक केवळ अंगमेहनत करणारे मजूर नव्हते. त्यांतील बरेचसे आपापल्या मुलखातील कसलेले शेतकरी होते. दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया या राज्यांच्या किनारपट्टीवरील भातशेती पश्चिम आफ्रिकेतील भातकऱ्यांच्या कौशल्यावर उभी राहिली. बांध घालणे, भरतीच्या पाण्याचा उपयोग करून खाचरे भरणे व रिकामी करणे, भात कांडणे व पाखडणे, या गोष्टी त्या लोकांना अवगत होत्या. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम देशात, गुलामीतून पळून जंगलात राहिलेल्यांच्या वंशजांत अशी कथा सांगितली जाते की, त्यांच्या पूर्वज स्त्रियांनी भाताचे दाणे केसांच्या वेण्यांत लपवून आणले.

चवळी, भेंडी, कलिंगड, ज्वारी ही पिके आफ्रिकेतूनच अमेरिकेत गेली. भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतील. तोही आफ्रिकेत जाऊन गुलामांच्या जहाजांबरोबर उत्तर अमेरिकेत पोचला. आजही दक्षिणेकडील घरांत नववर्षाच्या दिवशी चवळी व भात शिजविण्याचा प्रघात आहे. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील सापेलो बेटावर गीची या नावाने ओळखला जाणारा समाज पूर्वजांची तांबडी चवळी अलीकडच्या वर्षांत पुन्हा लावू लागला असून तिच्या विक्रीतून बेटावरील घरे व जमीन टिकविण्यास मदत व्हावी, असा त्याचा प्रयत्न आहे.

येथे आपल्या शेतकऱ्यांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. सोलापूरची ज्वारी, नाशिक-अहिल्यानगरकडील बाजरी आणि कोकणची नाचणी ही तिन्ही धान्ये हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आली. आपल्या भाकरीचे मूळ आफ्रिकी शेतकऱ्याच्या निवडीत आणि जोपासनेत आहे. हा ऋणानुबंध फार जुना आहे.

डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने त्यांचे चरित्र घरोघरी पोचविले. गुलामीत जन्मलेले कार्व्हर १८९६ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेत आले. सतत कापूस घेऊन जमीन निकस झाली होती. कापसाच्या पाठोपाठ चवळी किंवा भुईमूग घ्यावा म्हणजे द्विदल पिकाच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नत्र साठते. रानातील पालापाचोळा व दलदलीतील गाळ कुजवून खत करावे म्हणजे विकतचे खत लागत नाही, असा त्यांचा उपदेश होता. त्यांनी सोप्या भाषेत चाळीसहून अधिक शेतकी पत्रिका लिहिल्या. १९०६ साली टस्कीगीहून अवजारे, बियाणे व दुग्धव्यवसायाची साधने भरलेली एक गाडी खेड्यापाड्यांत फिरू लागली. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही, तर शाळेनेच शेतावर जावे, हा त्यामागील विचार. त्या गाडीवर नेमलेले थॉमस कॅम्पबेल हे अमेरिकी कृषी खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार कार्यकर्ते होत. आज आपण जिला कृषी विस्तार म्हणतो, त्या कार्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या फिरत्या शाळेची गणना होते.

सामुदायिक शेतावर आलेल्या तरुणाला सर्वप्रथम हाच इतिहास सांगितला जातो. आपले पूर्वज शेतीत गुलाम होते एवढेच त्याला ठाऊक असते. ते शेतीत जाणकारही होते, हे कळल्यावर त्याचा त्या कामाकडे पाहण्याचा दृष्टिकोन पालटतो.

पूर्वीचे दोन प्रयोग

आजच्या शेतांना दोन जुन्या प्रयोगांचा आधार आहे. पहिला मिसिसिपी राज्यातील सनफ्लॉवर परगण्यात झाला. मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या फॅनी लू हेमर या स्वतः बटाईदाराच्या घरात वाढलेल्या. मतदार म्हणून नाव नोंदविण्याचा प्रयत्न केल्याबद्दल १९६२ साली त्यांना मळ्यावरून हाकलण्यात आले. घरात धान्य नसलेला मनुष्य मालकाच्या मर्जीबाहेर मत देऊ शकत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. म्हणून १९६९ साली ४० एकर जमीन घेऊन त्यांनी ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती सुरू केली. पुढे तिची जमीन ६०० एकरांवर गेली. काही जमिनीत सभासदांसाठी भाजीपाला व कडधान्ये होत आणि काही जमिनीत हप्ते फेडण्यासाठी कापूस व सोयाबीन.

याच कार्याचा एक भाग म्हणजे डुकरांची पेढी. गरीब कुटुंबास एक गाभण मादी देण्यात येई आणि ती व्याल्यावर कुटुंबाने दोन पिले पेढीत परत करावीत, एवढीच अट असे. ती पिले वाढवून पुढील कुटुंबांना देत. आपल्याकडे शेळी अर्धलीने देण्याची चाल आहे, तिच्याशी याचे साम्य आहे. फरक एवढाच की, येथे परतावा एका मालकाच्या घरी न जाता शेजाऱ्याच्या उपयोगी पडे. मात्र फ्रीडम फार्म फार काळ टिकली नाही. हवामानाने पिके बुडाली, देणग्या आटल्या, हप्ते थकले आणि हेमर यांची प्रकृती ढासळली. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती बंद पडली आणि १९७७ साली हेमर यांचे निधन झाले.

दुसरा प्रयोग जॉर्जिया राज्यातील ‘न्यू कम्युनिटीज’ या संस्थेचा. मतदानाच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे ज्या बटाईदारांना मळ्यांवरून काढण्यात आले, त्यांच्यासाठी कायमची जमीन असावी, या उद्देशाने चार्ल्स व शर्ली शेरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ही संस्था काढली व ली परगण्यात सुमारे ५,७०० एकर जमीन मिळविली. संस्थेची रचना अशी होती : जमीन विश्वस्त संस्थेच्या नावे राहील, ती कोणालाही विकता येणार नाही, कुटुंबांना ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळेल, घर व पीक मात्र कुटुंबाचे स्वतःचे. अशा विश्वस्त जमिनीचा अमेरिकेतील हा आरंभीचा नमुना मानला जातो.

या रचनेच्या मुळाशी एक महाराष्ट्राचे सूत्र आहे, हे आपल्या वाचकांस विशेष वाटेल. संस्थेच्या संकल्पकांनी इस्रायलमधील पट्ट्याने दिलेल्या सार्वजनिक जमिनींची पाहणी केली होती. त्याचबरोबर त्यांतील रॉबर्ट स्वान यांच्यावर आचार्य विनोबा भावे यांच्या ग्रामदानाच्या विचाराचा प्रभाव होता. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेल्या आणि पवनारला आश्रम करून राहिलेल्या विनोबांचा हा विचार असा जॉर्जियाच्या भुईमुगाच्या शेतापर्यंत पोचला.

या संस्थेलाही दुष्काळाने गाठले. आणीबाणीचे सरकारी कर्ज तिला वेळेवर मिळाले नाही आणि १९८५ साली सगळी जमीन गेली. परंतु सभासदांनी कागदपत्रे जपून ठेवली होती. वर उल्लेखिलेल्या दाव्यात या संस्थेला २००९ साली १ कोटी २० लक्ष डॉलर भरपाई मंजूर झाली. त्या पैशातून २०११ साली जॉर्जियातील ऑल्बनी गावाजवळ १,६३८ एकरांचा एक जुना मळा घेण्यात आला. जेथे एके काळी गुलाम राबत, त्या जमिनीवर आता या समाजाची संस्था पिकान नावाच्या कवचीफळांची बाग राखते आणि शेतकऱ्यांना प्रशिक्षण देते.

आजची दोन शेते

आजच्या प्रयत्नांपैकी दोन शेतांचा येथे परिचय करून देत आहोत. एक शहरातील आहे, दुसरे डोंगरातील.

मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहराची लोकसंख्या १९५० साली सुमारे १८.५ लक्ष होती. कारखाने बंद पडले, लोक शहर सोडून गेले आणि २०१० साली ती सुमारे ७.१ लक्ष उरली. राहिलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. ओसाड जागा मुबलक आणि ताजी भाजी मात्र दुर्मिळ, अशी अवस्था झाली. मलिक याकिनी हे तेथील एका शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळेच्या बागेतून त्यांच्या कामाला सुरुवात झाली आणि २००६ साली कृष्णवर्णीयांच्या अन्नविषयक हक्कांसाठी एक संस्था उभी राहिली. २००८ सालापासून शहरातील रूज पार्क या विस्तीर्ण उद्यानात तिचे ‘डी-टाउन फार्म’ हे शेत आहे. नगरपालिकेने जागा नाममात्र भाड्याने दिली. दोन एकरांचे शेत वाढून सात एकरांचे झाले. तेथे तीसहून अधिक प्रकारच्या भाज्या व औषधी वनस्पती होतात, कंपोस्ट केले जाते आणि मधमाश्या पाळल्या जातात. मुलांसाठी ‘फूड वॉरियर्स’ म्हणजे अन्नाचे शिलेदार या नावाचा वर्ग चालतो. दरवर्षी सुगीचा उत्सव होतो. या कामाचा पुढील टप्पा म्हणून मे २०२४ मध्ये शहरात सभासदांच्या मालकीचे सहकारी किराणा भांडार उघडले.

दुसरे शेत न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात, पीटर्सबर्ग गावाजवळ आहे. लीया पेनिमन व त्यांच्या कुटुंबाने २०१० साली ‘सोल फायर फार्म’ या नावाने ते सुरू केले. जॉर्जियातील ऑल्बनीशी केवळ नामसाम्य असलेल्या न्यूयॉर्कच्या ऑल्बनी शहरात हे कुटुंब राहत असे. त्यांच्या वस्तीत ताजी भाजी विकत मिळण्याची सोय नव्हती, यातून शेत काढण्याची कल्पना निघाली. सुमारे ८० एकरांच्या त्या जमिनीचा बराच भाग रानाचा आणि लागवडीचा भाग उताराचा, खडकाळ व पातळ मातीचा होता. उंच गादीवाफे, भरपूर आच्छादन व हिरवळीची पिके यांच्या साहाय्याने त्यांनी माती सुधारली. भाजीच्या टोपल्या दर आठवड्यास शहरातील घरी पोचविल्या जात आणि किंमत कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे घेतली जाई. तेथे तरुणांसाठी आठवडाभराचे निवासी वर्ग भरतात. पेनिमन यांनी आपला अनुभव २०१८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

तरुणांचे शिक्षण कसे होते

या शेतांवरील शिक्षणाची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. तीत चार गोष्टी एकत्र गुंफलेल्या आढळतात.

एक, प्रत्येक कृतीला तिचे मूळ जोडलेले असते. गादीवाफा करताना, आफ्रिकेतील ओवांबो शेतकरी असेच उंचवटे करून पाणी व खत राखतात, हे सांगितले जाते. कंपोस्टचा ढीग लावताना कार्व्हर यांचा पाठ दिला जातो. त्यामुळे तंत्र ही बाहेरून लादलेली गोष्ट राहत नाही.

दोन, काम समूहाने होते. हैती देशात शेजाऱ्यांनी मिळून एकेकाचे शेत करण्याची व शेवटी एकत्र जेवण्याची जी प्रथा आहे, तिला कोनबिट म्हणतात. आपल्या इर्जिकीचे किंवा सावडीचेच ते भावंड होय. पश्चिम आफ्रिकेत व कॅरिबियन बेटांत रूढ असलेली सुसू ही ठेवपद्धती आपल्या भिशीसारखीच आहे. या दोन्ही प्रथांचा परिचय तरुणांना करून दिला जातो, कारण बँकेने पाठ फिरविली असता याच प्रथांनी पूर्वजांना तारले.

तीन, शेतातून काढलेले त्याच दिवशी रांधून खाल्ले जाते. भेंडी कोवळी असताना का तोडावी, हे ती कढईत पडल्यावर अधिक चांगले कळते. वयस्क स्त्रिया जुने पदार्थ शिकवितात. दक्षिणेत बालपण घालविलेले वृद्ध पेरणीच्या खुणा व बियाणे राखण्याच्या रीती सांगतात. ज्या आजोबांना नातवाशी काय बोलावे हे उमगत नव्हते, त्यांच्याजवळ आता सांगण्यासारखे काही असते.

चार, हिशेब आणि विक्री तरुणांच्याच हाती दिली जाते. वाफ्यावर किती खर्च झाला, भाजी किती निघाली, दर काय आला, हे त्यांनी मांडावयाचे असते. श्रम व संस्कृती यांना दामाची जोड नसेल, तर हे शिक्षण सहलीपुरतेच राहील, याची जाणीव या संस्थांना आहे.

अडचणी

या कार्याच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. शहरातील शेतांची जागा बहुधा भाडेपट्ट्याची असते, आणि जागेचे भाव चढले की पट्टा टिकेल याची शाश्वती नसते. शहरी मातीत जुन्या रंगांतील व इंधनातील शिसे मिसळलेले असण्याचा संभव असतो. म्हणून लागवडीपूर्वी मातीची तपासणी करणे आणि शिसे आढळल्यास स्वच्छ मातीचे उंच वाफे भरणे अपरिहार्य ठरते. बहुतेक संस्थांना देणग्यांचा आधार घ्यावा लागतो आणि देणगीवर चाललेले शेत देणगीबरोबर आटते, हे फ्रीडम फार्मच्या उदाहरणाने दिसून आले आहे.

सरकारी मदतीचा मार्गही सरळ राहिलेला नाही. २०२१ साली वर्णभेदाने पोळलेल्या शेतकऱ्यांची कर्जे फेडण्यासाठी कायद्याने केलेली तरतूद न्यायालयांत अडली आणि २०२२ साली रद्द झाली. तिच्या जागी आलेल्या, पक्षपात सोसलेल्या सर्वच शेतकऱ्यांसाठीच्या योजनेतून २०२४ साली सुमारे दोन अब्ज डॉलर ४३,००० हून अधिक अर्जदारांस देण्यात आले. शिवाय, शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला स्वतःची जमीन घेण्याइतके भांडवल मिळणे कठीणच आहे. म्हणून या शेतांवरून किती जण पूर्णवेळ शेतकरी झाले, एवढ्यावरच त्यांची परीक्षा करणे योग्य होणार नाही. शेताकडे पाठ फिरविलेल्या कुटुंबात पुन्हा बियाणे, वाफा व हंगाम यांविषयी बोलणे सुरू झाले, ही पहिली पायरी आहे. जमीन मिळवणे ही दुसरी, आणि ती अधिक अवघड आहे.

कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावयाच्या गोष्टी

आपली परिस्थिती निराळी आहे आणि अमेरिकेचा नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. तरीही पुढील गोष्टी कोणत्याही गावात विचारात घेण्याजोग्या आहेत.

(१) सामुदायिक काम सुरू करण्यापूर्वी जमिनीचा हक्क लेखी व पक्का करावा. पट्ट्याची मुदत, वाटा आणि बाहेर पडणाऱ्या सभासदाचा हिशेब आधीच ठरवावा.

(२) खातेदार मृत झाल्यावर वारसनोंद लांबणीवर टाकू देऊ नये. हजारो एकर जमीन शत्रूने न हिसकावता केवळ कागदाच्या दिरंगाईने कशी जाते, याचे उदाहरण वर आलेच आहे.

(३) तरुणांना नवे तंत्र सांगताना गावातील जुन्या जाणत्यांना बरोबर घ्यावे. कोणते वाण पूर्वी होते, ते का गेले, कोणत्या घरी अजून आहे, हे तरुणांनीच विचारून लिहून काढावे.

(४) प्रत्येक गटाजवळ विक्रीची एक तरी ठरलेली जागा असावी, आणि हिशेबाची वही तरुणांच्या हाती असावी.

(५) देणगी किंवा अनुदान अवजारे, कुंपण अशा एकदाच्या खर्चासाठी वापरावे. रोजचा खर्च पिकातून निघेल इतकेच क्षेत्र प्रथम हाती घ्यावे आणि जमल्यावर वाढवावे.

(६) कर्जाचे व मदतीचे सर्व अर्ज, पोचपावत्या व उत्तरे तारखेवार जपून ठेवावीत. न्यू कम्युनिटीजच्या सभासदांना चोवीस वर्षांनी न्याय मिळाला, तो जपलेल्या कागदांच्या आधारे.

(७) शेतीला नकार देणाऱ्या तरुणास आळशी ठरविण्याची घाई करू नये. त्याच्या घरात शेतीने काय दिले आणि काय नेले, हे आधी ऐकून घ्यावे. ते ऐकल्यावाचून दिलेला सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी तो त्याच्या मनात रुजण्याचा संभव कमी.

येत्या खरिपापूर्वी एखाद्या गावात पाच-सात तरुणांचा गट तयार होत असेल, तर एक-दोन गुंठे जागा, घरचे राखलेले चवळीचे किंवा भेंडीचे बियाणे आणि हिशेबाची एक वही एवढ्यावर आरंभ करता येईल. डेट्रॉइटच्या शेताचा आरंभही एका शाळेच्या बागेतूनच झाला होता.